खिशातला फ्यूज

सोम. २ मार्च १९९८
गाडी घरी आली. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून मीच चालवत आणली. होसूर रोडवर कोणी बाजूला होईना, कारण आवाजच नाही. मागून सावलीसारखी येते. गल्लीत लक्ष्मी अक्का दारात उभ्या होत्या, त्या तर छातीवर हात ठेवून मागे सरकल्या. "सद्दे इल्ल!" म्हणे, कानडीत. आवाजच नाही म्हणजे काहीतरी वाईट, असा चेहरा.
आप्पांनी बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं. चाळीस वर्षं कारखान्यात वीज सांभाळलेला माणूस. "बॅटऱ्याच बॅटऱ्या. यात जीव कुठाय?" म्हणाले. आई गेल्यापासून पहिल्यांदा कशाबद्दल तरी चौकशी केली, म्हणून मी चिडले नाही.
काम असं: चार आठवडे गाडी घरच्या प्लगवर चार्ज करायची, रोज आकडे लिहायचे. शेवटी एका पानावर माझी सही. साध्या घरची वीज, गल्लीतली साधी लाइन ही गाडी पेलते का? प्रसाद सर म्हणाले, "मॅडम, त्या एका पानावर कंपनी उभी राहणार किंवा बसणार." मालकाने असं बोलावं आणि वर चहाही विचारू नये.

बुध. ४
प्लग लावला की आमच्या ट्यूब फडफडतात. पिन हाताला गरम. व्होल्टेज इतकं पडतं की फ्रिज कण्हतो.
संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ लोडशेडिंग. रोज एवढा लांब शब्द कोण लिहिणार, यापुढे लो.शे.

शनि. ७
सलग तिसऱ्या दिवशी तेच. लो.शे. संपून वीज आली की घरातला पंप, फ्रिज आणि माझी गाडी एकदम ओढतात आणि कोपऱ्यावरच्या खांबावरचा आमच्या फेजचा फ्यूज उडतो. आमचं घर लाइनच्या अगदी टोकाला. आमच्या फेजवर दोनच घरं, आमचं आणि समोरचं जोशीकाकांचं. पुढे सगळे रिकामे प्लॉट. बाकी गल्ली दुसऱ्या फेजवर, त्यामुळे सगळ्यांकडे उजेड आणि आम्ही अंधारात.
लाइनमन रामय्या सायकलवर बांबूची शिडी घेऊन आला. "अम्मा, तुमची गाडी भारी खाते." मग त्यानेच उपाय काढला. लो.शे. सुरू झालं की तो आमच्या फेजचा फ्यूज काढून खिशात ठेवणार, आणि वीज आल्यावर स्वल्प थांबून परत बसवणार. तोवर खांबावरची बारीकसारीक कामंही उरकता येतील. "फ्यूज माझ्या खिशात म्हणजे लाइन मेली. कोणी चुकून चालू करू शकत नाही." खिशावर थापटून दाखवलं.
अहवालात काय लिहू? की गाडी चालते, पण त्यासाठी एक रामय्या लागतो?

मंगळ. १०
आज मी खूश आहे, सरळ लिहिते. लाइन गाडीला पेलत नसेल, तर गाडीने घर पेलावं की! लॅबमधला इन्व्हर्टर आणला, गाडीच्या बॅटरीला जोडला. घरात वीज सोडायला एक वायर केली, दोन्ही टोकांना पिना. एक पिन इन्व्हर्टरमध्ये, दुसरी भिंतीतल्या प्लगमध्ये. असली वायर करणाऱ्या पोरांना मी लॅबमध्ये झापते. पण घर आपलं, अक्कल आपली. नियम एकच: आधी पोर्चमधला मेन स्विच खाली, मगच पिन. म्हणजे वीज घराबाहेर जात नाही.
सगळी गल्ली काळीठिक्कर आणि आप्पा पंख्याखाली बातम्या बघतायत! "मेनचं काम माझं," म्हणाले. "गल्लीत उजेड आला की पिन काढायची, मग रामय्या फ्यूज बसवेल. मला शिकवू नकोस." त्यांना नाही जमणार तर कोणाला?

शुक्र. १३
लक्ष्मी अक्का सकाळी फाटकाशी. लो.शे.मध्ये जोशीकाकांच्या व्हरांड्यात दिवा दिसला म्हणे. "जोशी सार मनेयल्लि दीप!" मी म्हटलं, आमच्या खिडकीचा उजेड पडला असेल. त्या हसल्या नाहीत.

रवि. १५
जोशीकाका आप्पांचे कारखान्यातले दोस्त. समोरासमोर प्लॉट घेतले, दिवाळीत काका गेले. अमेरिकेहून मुलगा आला, तेरावं उरकून कुलूप लावून गेला. चोरांना वाटावं घरात कोणी आहे, म्हणून व्हरांड्यातला दिवा चालू ठेवून गेलाय. बटण आत, किल्ली म्हैसूरच्या नातेवाइकांकडे. दिवसरात्र जळतो. पण लाइनमध्ये वीज असेल तेव्हाच ना!
आज अक्कांचे यजमान आमची वायर बघायला आले. त्यांनी परवाच इन्व्हर्टर घेतलाय. कशी करायची ते मी कागदावर काढून दिलं. फुशारकी, दुसरं काय.

मंगळ. १७
होसूर रोडवर गाडी बंद. मागे लॉरी, समोर लॉरी. रात्रभर चार्ज करूनही पुरती भरली नव्हती. आकडे जुळत नाहीत: घरात जेवढी वापरतो त्याहून जास्त वीज रोज संध्याकाळी बॅटरीतून जाते. कुठे जाते? तारा तपासल्या, काही नाही.
प्रसाद सरांना सांगितलं, बॅटरी जुनी असेल. सांगताना माझाच विश्वास नव्हता.

बुध. १८
सात वाजता प्रसाद सरांना फोन करायला एसटीडी बूथवर गेले होते, घरचा फोन मेलाय. रांगेत थांबून साडेआठच्या सुमारास परत आले तर जोशीकाकांच्या घरामागच्या खांबाशी रामय्या जमिनीवर बसलेला. शिडी आडवी. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड. पाणी दिलं तर दात भांड्यावर वाजत होते.
"फ्यूज काढला होता अम्मा. हा बघा." खिशातून काढून तळहातावर ठेवला. पांढरी चिनीमाती, तार शाबूत. "लाइन मेली होती. मेलेल्या लाइनने मला फेकलं."
मग माझ्या मागे काकांच्या घराकडे बघून त्याने हात जोडले. मी वळून पाहिलं तोवर गल्लीत वीज आली होती आणि काकांचं घर अंधारात होतं. त्याने काय पाहिलं ते विचारलं नाही.

शुक्र. २०
खांबाच्या बुंध्याशी लिंबू, हळदकुंकू, फोडलेला नारळ. रामय्यानेच ठेवलंय. म्हणतो, "जोशी सार मला का मारतील? मला रोज ताक द्यायचे." रडवेला झाला होता. आता त्या खांबावर चढत नाही. तिथला जॉइंट सुटत आलाय, ऑफिसातून ऑर्डर आहे गुरुवारपर्यंत बदलायचा. नाही केला तर याला हलवणार, बहुतेक होसकोट्याच्याही पलीकडे. बायकोचं दवाखान्यात चालू आहे, कसा जाणार.

शनि. २१
 
लो.शे. सुरू झालं, आप्पांनी घरात दिवे लावले. मी गाडीतली वही आणायला पोर्चमध्ये गेले. टॉर्च मारला, उजेड सहज मीटरवर पडला. मीटरची तबकडी फिरत होती. उलटी. डावीकडून उजवीकडे फिरायची ती उजवीकडून डावीकडे, सावकाश, काळी खूण येते आणि जाते. घरातून वीज बाहेर चालली होती.
मग समोर पाहिलं. सगळी गल्ली अंधारात आणि जोशीकाकांच्या व्हरांड्यात दिवा. पिवळट, मंद. खाली त्यांची वेताची खुर्ची. मी इंजिनिअर आहे, दिवा का लागला ते मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी खुर्चीकडे बघवेना.
मेन स्विच वर होता.
आप्पा आधी म्हणाले विसरलो. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी खरंच विसरलो. समोर दिवा लागला. लो.शे.मध्ये मी आणि जोशी तिथेच बसायचो ना. अंधार झाला की सगळं घर अंगावर येतं गं. तो दिवा लागला की बसवतं." रोज मुद्दाम वर ठेवत होते. काकांच्या घरामागचा खांब, रामय्या चढला होता तो, इथून दिसतच नाही.
मी म्हटलं, "आप्पा, रामय्याची बोटं तुम्ही भाजलीत." नको होतं असं बोलायला. नाव माझंही घ्यायला हवं होतं. ते खाली बसले, सुरकुतलेले हात मांडीवर पालथे ठेवून. रात्री जेवले नाहीत. मी ती वायर पकडीने मधोमध तोडली.

रवि. २२
लो.शे.मध्ये दोन तास जोशीकाकांच्या व्हरांड्याकडे बघत बसले. अंधार. सुटले.

मंगळ. २४
रामय्याला सांगितलेलं नाही. दोनदा भेटला, दोनदा भाजीचं बोलले. सांगितलं तर ऑफिसला कळणार, कंपनीची गाडी, माझी वायर, प्रसाद सरांचा कारखाना बंद. नाही सांगितलं तर तो भुताला भिऊन नोकरी घालवणार. मला माझीच शिसारी येते. आप्पा दोन दिवस म्हणतायत, "मी सांगतो." मी थांबवते.

बुध. २५
गाडी कारखान्यात परत दिली. पान भरून झालंय, फक्त सही बाकी, शुक्रवारी द्यायचंय. व्होल्टेज, प्लग, फ्यूज, सगळं खरं. ती वायर मात्र कुठेच नाही. एका गाडीने एका गल्लीत हे केलं. दर घरी एक गाडी आणि दर घरात एकेक एकटा आप्पा असला, तर कोणत्या लाइनला मेलेली म्हणायचं?

गुरु. २६
सांगितलं.
सव्वासहाला रामय्या शिडी घेऊन आला. खांबाला लावून नुसता उभा. आप्पा आणि मी दोघंही गेलो. आप्पांनीच सुरुवात केली, मोडक्या कानडीत. मी वायरचे दोन तुकडे दाखवले. सगळं, मेन स्विचपासून दिव्यापर्यंत. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. त्याचा चेहरा एकदम सैल झाला, हसलाच. "म्हणजे जोशी सार नव्हते?" नव्हते, म्हटलं. "गाडी?" काल गेली. "सरी, सरी. मग भीती कसली?"
साडेसहाला वीज गेली. कोपऱ्यावर जाऊन फ्यूज काढून आला, खिशात टाकला, थापटला. मी म्हटलं, तरी आधी टेस्टर लावा. "एनू आगल्ल अम्मा," काही होत नाही, म्हणत चढायला लागला. इतके दिवस न चढणारा माणूस, माझ्या शब्दावर.
पाच-सहा पायऱ्या चढला असेल. माझ्या शेजारी आप्पा कसंतरीच "अगं" म्हणाले.
काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आरपार पुढचा व्हरांडा दिसतो. तिथे दिवा लागला होता. पिवळट, मंद, तसाच.
मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. कानडी नव्हतं, पण रामय्या उतरला. मग मी धावत घरी. मेन खाली. मीच पाचला पाडला होता, वर कापड बांधलं होतं. गाठ तशीच. मीटरची तबकडी थांबलेली. परत आले तेव्हा रामय्याने खांबावरून उतरणाऱ्या तारेला काठीला बांधलेला टेस्टर टेकवला होता, आणि त्यात तांबूस ठिपका. लाइन जिवंत.
अक्कांच्या घरीही उजेड होता, पण ते दुसऱ्या फेजवर. तारा कुठे एकमेकींना लागल्या असतील? मी काढून दिलेला कागद आणखी किती घरांत गेलाय? उद्या दारोदार फिरून विचारणार. सापडेलच असं मला वाटत नाही, हेही लिहून ठेवते.
आप्पा काकांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे, पुरे आता." कोणाला म्हणाले? विचारायची हिंमत झाली नाही.
साडेआठला गल्लीत वीज आली, तोवर दिवा तसाच होता. रामय्या फ्यूज बसवायला गेला नाही. खिशातून काढून माझ्या हातात दिला. अंगाच्या उबेने कोमट होता.
"अम्मा," तो म्हणाला, "दुसऱ्या गल्लीतही मला चढायचं असतं. तिथे कसं ओळखू?"
फ्यूज टेबलावर आहे, शेजारी ते पान. सही केलेली नाही.