भिकाबाईची जागा

१३ नोव्हेंबर १९६१
कापसाचं जिन यंदा सुरू होणार नाही, हे आता नक्की. शेठजींनी मुकादमाकडून चाव्या परत घेतल्या. मुंबईच्या गिरण्या बोटीने येणारा लांब धाग्याचा कापूस घेतात. आमच्या आखूड धाग्याच्या गाठी गोदामात तशाच पडून. आई विचारते, "तो कापूस येचस कोन? त्या बाया आमनापेक्षा भारी शेतस का?" मी धाग्याची लांबी सांगत बसले. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे.

काम गेलेल्या बायांना सरकारची मदत मिळणार: शिलाईचा वर्ग, शिकेपर्यंत विद्यावेतन, पुढे हप्त्याने मशीन. बायांची अहिराणी त्यासाठी आलेल्या सरकारी साहेबांना कळत नाही, म्हणून मला तात्पुरतं घेतलं. घरातली पहिली पदवी, आणि पहिलं काम आईच्याच जिनच्या बायांसाठी! बसस्टँडवरून घरी जवळजवळ पळतच आले. (साहेबांना यापुढे सा. लिहीन. पूर्ण लिहिलं की हात आखडतो.)

१५ नोव्हेंबर
जिनच्या आवारात सा. खुर्ची टाकून बसले. मुकादमाने दरवर्षीसारखा पुकारा केला, "भिकाबाई!" आई आणि काकू दोघी उठल्या.
सा. : "दोघींचं एकच नाव?"
मुकादम : "भिकाबाई यांची सासू, साहेब. वारली."
"मग या कोण?"
"भिकाबाईच."
मागून कोणीतरी ओरडलं, "सायेब, म्हतारी सरगमाईन हजेरी लावस!" बाया हसून लोळायच्या बाकी. मीही हसले. मग सा.चा चेहरा पाहिला.

यंत्रापुढे बसून कापूस लावायची जागा बाईची नसते, घराची असते. आजीची जागा दोन्ही सुनांना आली. आई शेतात गेली की काकू, काकूला ताप आला की आई. मजुरी एक, चूलही एक. मुकादमाने नाव कधी बदललं नाही. लहानपणापासून हेच पाहिलेलं, त्यामुळे सा.ना आधी सांगावं असं मनातही आलं नाही. आणि हे आमच्याच घरचं नाही. पुकारा होत गेला तशा दोन-दोन, कुठे तीन बाया उठत गेल्या.

सा. उभे राहिले. "एका जागेला एकच बाई. सोमवारी नाव सांगा. ज्या घरात ठरणार नाही, त्या घराला मदत नाही."

१७ नोव्हेंबर
सा.ना विचारलं, दोघींना आळीपाळीने बसू दिलं तर?
"म्हणजे एकीने काजं शिकायची, दुसरीने बटणं?" हसले. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "सरकार माणसाला मदत करतं, चुलीला नाही."
वाक्य चांगलं आहे. कॉलेजात ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. आज मात्र दिवसभर...

१९ नोव्हेंबर, रविवार
बाबा आणि काका गेल्यापासून घरात आम्ही तिघीच. भाकरी थापता थापता काकूने विषय काढला.
"जेठानी, तुले निमी शे. नोकरीवाली. माले काय शे? ती जागा. बस."
खरं आहे. त्या जागेच्या जोरावरच ती भावाकडे कळसाडीला गेली नाही, इथे मान वर करून राहिली. मला वाटलं, आई हो म्हणेल.
आई : "निमी काय जलमभर आठे ऱ्हाई? लगीन व्हई, परका घरनी व्हई जाई. मंग मी कोना तोंडकडे देखू?"
काकू : "मंग लगीनच करू नको तिन्हं!"
दोघी हसल्या. पण भाकरी करपली.
मी म्हटलं, लग्नानंतरही पगार तुम्हालाच देईन. लहान पोराने चंद्र आणून देतो म्हणावं, तशा नजरेने आईने माझ्याकडे पाहिलं.

२० नोव्हेंबर
सकाळी उठले तर काकू नाही. गाठोडंही नाही.
आई : "कळसाडीले गयी. भाऊना ऊस शे."
उसाचं काम आजच निघालं? आई चूल फुंकत राहिली. स्वतःहून गेली, की आई काही बोलली?
नाव घेताना सा.नी मला बाहेर थांबवलं. "तुमचं घर आहे, तुम्ही इथे नको." बरोबरच होतं. आई आत गेली, बाहेर आली, थेट घराकडे चालू लागली.

२७ नोव्हेंबर
वर्ग सुरू. दारातून डोकावले. शिकवणाऱ्या बाई नावं घेत होत्या. "यमुनाबाई!"
आई उठली.
यमुना काकूचं नाव.
परत येताना रस्त्यातच विचारलं.
"मी तिन्हंच नाव सांगं."
"पण बसतेस तू!"
"ती उनी का ती बसी. तवपावत जागा रिकामी कशी ठेवू? दुसरं कोनी बसी जाई."
"आई, हे जिन नाही. सरकार आहे."
"मंग? सरकारले मुकादम नही का?"
"तू काकूला घालवलंस?"
"बोलनं व्हयनं. हाई खरं शे."

२९ नोव्हेंबर
विद्यावेतन देण्याआधी प्रत्येक बाईची ओळख पटवायची आहे. सा. म्हणाले, "तुमच्या घरची ओळख तुमच्याइतकी कोण पटवणार? यमुनाबाई याच ना?"
खिडकीतून आई दिसत होती. सुई डोळ्यांजवळ धरून दोरा ओवत होती, जीभ ओठांत धरून, परीक्षेला बसल्यासारखी.
मी म्हटलं, उद्या सांगते. सा.ना नवल वाटलं असावं.
हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर जागा गेली, दोघींचीही. आणि आईचं नाव घाला म्हटलं तर काकूला या घरात...

संध्याकाळी बसस्टँडवर शहाद्याच्या गाडीपाशी गेले. कंडक्टर कळसाडीकडचाच. त्याला म्हटलं, यमुनाबाईला आजच निरोप दे: तुन्हा जागावर जेठानी बसनी शे.
तो म्हणाला, "ताई, हाई भांडन शे का बलावनं?"
म्हटलं, ते तिलाच कळेल.

कळसाडीहून येणारी सकाळची गाडी कचेरी उघडायच्या आधी पोचते.