दहा खडे

नाशिक रोड
ता. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप झुंबरदादास,
धाकट्या संजनाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुला फोन करणं मी सोडून दिलंय. मी विचारते जेवलास का, आणि तू सांगतोस पाऊस नाही. त्यापेक्षा पत्र बरं. बाबांनी तुला सातवीपर्यंत शिकवलं, त्याचं चीज तरी होऊ दे.

गेल्या महिन्यात तुम्ही खोदताय त्या विहिरीत एक सुरुंग वेळेआधी उडाला आणि तू तेव्हा वात पेटवून वर येताना यारीच्या दोराला बांधलेल्या पाळण्यात अर्ध्यावर लोंबकळत होतास, हे मला वहिनींकडून कळलं. तू मला चुलत्यांच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगतोस आणि नेमकं हेच गाळतोस? वहिनी म्हणाल्या की अंगावर ओरखडासुद्धा नाही, पण तेव्हापासून तू चहाचा कप हातात धरून चहा मागतोस. त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं दवाखान्यात नर्स आहे, रक्ताला मी भीत नाही. काहीच दिसत नाही तेव्हा भिते.

देवळालीकडे तोफांचा सराव सुरू आहे. खिडकीची काच थरथरली की तू डोळ्यांपुढे येतोस. एकदा इकडे येऊन डोकं तपासून घे.

वहिनींना जय भीम. माझ्यावर रागाव हवा तेवढा, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
संजना


मु. पो. घोटी
ता. १५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संजनास,
झुंबरचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तू नर्स झाल्यापासून तुला सगळं गाव पेशंट दिसतं. आपली शेळी व्याली. दोन करडं आहेत, एक पार काळंभोर.

तुझ्या समाधानासाठी डोक्याचा सिटी स्कॅन काढला. रिपोर्ट साफ आहे, झेरॉक्स सोबत जोडली आहे. आता गप्प बसशील अशी आशा करतो.

काम सोड म्हणून पुढच्या पत्रात लिहिशील, म्हणून आधीच सांगतो. आमच्यात मोजणीला मान असतो. विहिरीत सुरुंगाची जेवढी भोकं दारूने भरली, तेवढे आवाज वर बसून मोजायचे. दहा भरली तर दहा ऐकू आले पाहिजेत. नऊच आले तर एक बार खाली जिवंत आहे, आणि त्याला पहार लागली की माणूस गेला. बावीस वर्षं ही मोजणी माझ्याकडे आहे. मी आकडा बोलल्याशिवाय खाली उतरून खोदणारा आमचा सोमनाथ पाळण्यात पाय ठेवत नाही. दोन लेकरांचा बाप आहे तो. आजवर माझा आकडा एकदाही चुकलेला नाही.

कानात शिट्टी वाजते आणि डावा पाय जरा ओढतो, ते वयाचं आहे. अगं हो, लिहायचं राहिलंच, आपली शेळी व्याली. दोन करडं आहेत, एक पार काळंभोर.

पोराबाळांना पापे. दादाची आठवण ठेवत जा, काळजी नको.

तुझा,
झुंबर


नाशिक रोड
ता. २० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
संजनाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझा रिपोर्ट आमच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले की हाड मोडलं का, रक्त साकळलं का, एवढंच त्यात कळतं. मेंदूतले मज्जातंतू केसाहून कितीतरी बारीक, ते त्यात दिसत नाहीत. स्फोटाचा दाब कवटी न फोडता आत शिरतो आणि ते तंतू ताणले जातात. पुष्कळसे त्याच क्षणी तुटत नाहीत. जागोजागी फुगतात, त्यांच्यातून चालणारी ने-आण अडते, आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, तिथेच तुटतात. मोटारीची वायर वरून धड असते आणि आतली तार गेलेली असते, तसं. त्यात विहिरीत दाबाला पळायला वाट नसते, तो भिंतींवर आपटून परत येतो. लहान लहान धक्केही वर्षानुवर्षं साठत जात असावेत, असं ते म्हणाले. पुरतं अजून कुणालाच कळलेलं नाही. एम.आर.आय. करू म्हणतात, पण त्यातही सगळं दिसेलच असं नाही.

दादा, शेळीची बातमी तू एकाच पत्रात दोनदा दिलीस. शब्दसुद्धा तेच. शेळी विसरलास तर काही बिघडत नाही. आकडा विसरलास तर सोमनाथभाऊंची लेकरं उघडी पडतील.

तपासणीचा नंबर तेरा मार्चचा मिळाला आहे. तोवर काम बंद ठेव. ठेवणार नाहीस, ठाऊक आहे. मग निदान एकट्याने मोजू नकोस. यारीवर वहिनी असतातच. जेवढी भोकं तेवढे खडे त्यांनी पदरात घ्यावेत आणि दर आवाजाला एक टाकावा. तुझा आकडा आणि त्यांचा पदर जुळला, तरच माणूस खाली सोडा.

भांडायचं तर भांड, पण बहिणीचं एवढं चालू दे.

तुझी,
संजना


मु. पो. घोटी
ता. ५ मार्च २०२५

सौ. संजनाताईंना,
चांगुणाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमच्या दादांनी पेन धरायला नकार दिला, म्हणून मीच लिहिते. नागलीचे पापड केलेत, एक डबा तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय.

खड्यांचं ऐकून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण ऐकलं. काल दहा भोकं भरली. दहा खडे पदरात घेऊन मी यारीपाशी बसले, बावीस वर्षं बसते तिथेच. आवाज झाले. हे म्हणाले दहा. माझाही पदर रिकामा. इतका आनंद झाला ताई, की मी यांच्याकडे बघून हसले. सोमनाथ उतरला.

जरा वेळाने खालून दोराला हिसके बसू लागले. वर आला तो पांढराफटक. एक बार तसाच होता, आणि त्याची पहार वीतभर अंतरावर पडली होती. पाणी प्यायला आणि दगडाला टेकून बसला. मग ठेकेदाराने माहितगार माणूस आणून तो बार निकामी केला.

यांचं चुकलं ते समजतं. माझा खडा कसा चुकला ते कळेना. दोन एकदम पडले असतील. सोमवारी पुन्हा बार आहेत, तेव्हा नीट मोजीन. यांना मी सांभाळते, तुम्ही घोर करू नका. मागे आलात तेव्हा फार हळू बोलत होतात, बरं नव्हतं का? हल्ली सगळेच हळू बोलतात.

हो, सांगायचं राहिलं. नागलीचे पापड केलेत, एक डबा तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय.

वहिनीवर जीव आहे तो असाच असू द्या.

तुमची,
चांगुणा


नाशिक रोड
ता. ८ मार्च २०२५

ती. दादा व ती. वहिनी यांस,
संजनाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या पहिल्या गाडीने स्वतः घेऊन येते. समोर आल्यावर मला रडू येईल आणि तुम्हा दोघांनाही ऐकू येणार नाही, म्हणून लिहिलंय. माझ्यासमोर वाचा.

सोमनाथभाऊंना फोन केला. सोमवारी ते उतरणार नाहीत, तसा शब्द घेतलाय. ते म्हणाले की दोघांचं जुळलं म्हणूनच बिनधास्त खाली गेलो. दोघांचं जुळवा असं मीच सांगितलं होतं. दोन लेकरांचा बाप माझ्या सल्ल्यावर खाली उतरला होता, हे माझ्या मनातून जात नाही.

वहिनी, पापडांची बातमी तुम्ही दोनदा दिलीत. वाचताना वाटलं, माझ्यावरच्या मायेने लिहिलं असेल. मग दादाचं पत्र काढून शेजारी ठेवलं. त्यातली शेळीही अशीच दोनदा आली होती. मी डॉक्टर नाही, तपासल्याशिवाय काही म्हणणार नाही. पण सुरुंग कुणी पेटवला हे तो दाब बघत नाही. दादा बावीस वर्षं विहिरीच्या काठावर होता, तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारीच होतात. आम्ही सगळ्यांनी त्याच्या डोक्याची काळजी केली आणि ती वाहायला तुम्हाला बसवलं. तुमच्या डोक्याचं कुणी विचारलं नाही. नर्स असून मीसुद्धा नाही.

तेरा तारखेला आता दोन नावं लावली आहेत. दोघांनी यायचं. काय निघेल याची मला फार भीती वाटते, ती लपवत नाही.

आजवर मला लाडाने वागवलंत, तसंच या वेळी वागवा. पापडांचा डबा मी घेऊन जाईन. खडे मात्र पुन्हा पदरात घेऊ नका, वहिनी.

तुम्हा दोघांची,
संजना