चौपन्न पायऱ्यांची कबुली

ता. ९ जानेवारी

चि. मोठीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी खाली सही करणार, कामावर सारे ज्यास लेव्हलदादा म्हणत तो, वय वर्षे शहात्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा फरशीकाम, हल्ली निवृत्त, पूर्ण शुद्धीवर राहून कळवितो की, माझ्या डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची वीस एप्रिल ही तारीख तू मला न विचारता ठरविलीस, हे मला मान्य नाही. सांधा झिजला आहे, हे डॉक्टरांनी फोटोत दाखविले व मी पाहिले. चव्वेचाळीस वर्षे लोकांच्या घरांत गुडघे टेकले, झीज होणारच. परंतु शस्त्रक्रियेखेरीज दुसरे उपाय आहेत, असेही तेच डॉक्टर म्हणाले. ते वाक्य तू ऐकले नाहीस.

मला दुःख गुडघ्याचे नाही, ताईचे आहे. तुझी आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. तिला ऐकू येत नाही, म्हणून फोन निरुपयोगी. तिचे गुडघे माझ्याहून जुने, म्हणून ती उतरत नाही. मी चढत नाही. दोन वर्षे आम्ही एकमेकांस पाहिलेले नाही. तिचे घर नवे होते तेव्हा त्याच चौपन्न पायऱ्या मी फरशीच्या पेट्या खांद्यावर घेऊन दिवसात वीस वेळा चढत असे. ती दर खेपेस दारात पाणी घेऊन उभी राही आणि बजावी की हळू, फरशी फुटेल. माझे काय फुटेल, हे तिने कधी विचारले नाही.

तीन महिन्यांची मुदत मिळावी. लोभ आहेच, तारखेपुरता त्याचा हुकूम करू नये.

तुझा,
बाबा

ता. १५ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी उभं राहून, घसा खाकरून वाचून दाखवलं. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं की तुमचं एकच उत्तर असतं, आणि ते मला लहानपणापासून पाठ आहे.

बरं, मुदत दिली. पण अट ऐका. दहा एप्रिलच्या आत तुम्ही स्वतःच्या पायांनी आत्याच्या दारापर्यंत जायचं. काठी चालेल, कुणी उचललेलं चालणार नाही. जमलं तर तारीख मी रद्द करीन. नाही जमलं तर निमूट दवाखान्यात यायचं. व्यायामाच्या बाई सोमवारपासून येतील. वजन सहा किलो उतरवायचं आहे. वहिनीला मी वेगळं लिहिलंय, कारण तुम्ही खोटं लिहिणार नाही, पण सोयीचं विसराल.

काल उगाच आठवलं. रविवारी तुम्ही मला नव्या खोलीत न्यायचात, बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवायला लावायचात. कुठे पोकळ वाजते ते मी सांगायचं. मग दोघं पावलांचे ठसे पुसत उलट्या पावली बाहेर. मी अजून परक्या घरी गेले की फरशी वाजवून बघते. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हट्ट कमी, माया तेवढीच ठेवा.

तुमची,
मोठी

ता. ६ फेब्रुवारी

चि. मोठीस आशीर्वाद विशेष.

सूनबाईने तुला कळविण्यापूर्वी मीच कळवितो. माझ्याकडून चूक घडली.

पहिल्या दिवशी बाईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो दाबावयास, दहा आकडे धरावयास शिकविले. मी ते चोख केले. नव्या कामावर सात दिवस पाय ठेवू नये व ते ओले ठेवावे, हा आमच्या धंद्याचा नियम. मी बाईंस निरोप धाडला की आठवडाभर येऊ नये, खोलीच्या दारात आडवी फळी लावली, गुडघ्यावर ओले गोणपाट टाकले आणि पडून राहिलो. सूनबाई फळीपलीकडून जेवण सरकवीत असे. आठव्या दिवशी गुडघा लाकूड.

बाईंनी येऊन आधी फळी काढली. मग मला समजाविले की फरशी पडून राहिल्याने पक्की होते, मांडी मात्र कामाने. आणि गुडघ्याचा भार मांडीनेच उचलावयाचा असतो. गुडघा म्हणजे बिजागरी, न हलविल्यास धरते. मी म्हणालो, हा विषय सुताराचा. त्या हसल्या नाहीत.

काठीही त्यांनी उजव्या हातात दिली. तो हात थापीचा. त्यात काठी धरणे जिवावर आले. परंतु डावा पाय टेकताना भार पलीकडे जावा, हे म्हणणे रास्त आहे. भार कुठे द्यावा, हे मला कळते. आता रोज सकाळी व्यायाम, नंतर गरम शेक, संध्याकाळी मऊ तळाच्या बुटांत पाऊण तास चालणे. वजन दोन किलो उतरले. गोड खाणे बंद; याबद्दल सूनबाईची साक्ष घ्यावी.

हसून झाल्यावर उत्तर लिहावे.

बाबा

ता. १३ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

हसून झालेलं नाही, म्हणून उत्तर छोटं. वहिनी म्हणते, तुम्ही फळीवर 'काम ओले आहे' असं खडूने लिहिलं होतं. ते मात्र पत्रात आलं नाही. सोयीचं विसराल म्हटलं होतं ना.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे बाईंना विचारून घटवा. आणि पाय थरथरला की थांबायचं. तुम्ही जिंकावं असं मलाही वाटतं, पण तिथे पडू नका.

मोठी

ता. ११ एप्रिल

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

काल दहा तारखेस सकाळी मी ताईच्या इमारतीत गेलो. तू सांगितल्याप्रमाणे उजवा पाय आधी टाकीत, प्रत्येक वळणावर श्वास घेत, एक्केचाळीस पायऱ्या कोणाचा हात न धरता चढलो. पुढची पायरी घेताना डावा पाय थरथरला. पूर्वीचा मी असतो तर दात खाऊन गेलो असतो. मी थांबलो व पायरीवर बसलो. तेरा पायऱ्या राहिल्या.

सूनबाईने वर जाऊन ताईस खुणांनी सांगितले. थोड्या वेळाने वरून चपलांचा आवाज आला. दोन वर्षे उंबरा न ओलांडलेली बाई कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरत होती. माझ्या शेजारी बसली आणि पहिले वाक्य असे बोलली की मी वाळलो आहे, सून खायला घालीत नाही काय. सून समोरच उभी होती. आम्ही दीड तास तेथेच बसलो. येणारेजाणारे वाट काढून जात होते.

डॉक्टरांनी मंगळवारी पाहून सांगितले की दुखणे निम्म्यावर आले आहे, शस्त्रक्रियेची घाई नाही, माझी मर्जी. परंतु अट डॉक्टरांशी नव्हती, तुझ्याशी होती. दारापर्यंत मी पोहोचलो नाही. सबब मी हरलो असे लिहून देतो. तारीख ठेवावी की मोडावी, तू सांगशील ते निमूट मान्य. माया मात्र अटीविना असू द्यावी.

बाबा

समक्ष हजर साक्षीदार (ही यादी काल पायरीवर बसूनच लिहिली):

१. सूनबाई. पायऱ्या तिने मोजल्या.

२. व्यायामाच्या बाई. मागे तीन पायऱ्या अंतर ठेवून होत्या. हात लावला नाही.

३. ताई, वय एक्क्याऐंशी, माझी थोरली बहीण. तिला 'हरलो' हा शब्द मान्य नाही. वरच्या तेरा पायऱ्या तिच्या वाटणीच्या होत्या आणि त्या ती उतरली, असे तिने माझ्याकडून लिहून घेतले व खाली सही केली.