नळीवरचं नाव

जालना, ता. ९ जानेवारी १९३७

ती. दादांस गिरिधरचा सा. न. वि. वि.

काल नळी पुरी झाली. आजवर घशातून पोटाकडं पाहायची नळी सरळसोट असायची, रोग्याला तलवार गिळायला लावल्यासारखी. डॉक्टरचा हात जरा चुकला की अन्ननलिकेला भोक. माझ्या नळीचं टोक बारीक कड्यांचं आहे, ते वळणाला वळतं, आणि पुढं गव्हाएवढा दिवा.

आता तिचं पेटंट घ्यायचं. म्हणजे सरकारची सनदच म्हणा. ज्यानं रचना काढली त्याच्याशिवाय दुसऱ्याला ती करता-विकता येत न्हाई. मला दवाखाना सोडून हलता येत न्हाई. तुम्ही जमिनीच्या दाव्याच्या तारखेला हैदराबादेस जाणारच, तर सोबतचे नकाशे आपल्या वकिलांकडं द्या. नळीवर माझं नाव यावं एवढीच हाव आहे.

वहिनींचा हुरडा पोचला, एकट्यानंच संपवला. आपली माया आहेच, ती आटू देऊ नये.

आपला
गिरिधर


आष्टी, ता. २ फेब्रुवारी

चि. बंधू गिरिधर यास काकासाहेबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काम बराबर झालं. वकिलानं अर्जदार कोण म्हणून इचारलं, मी माझं नाव सांगितलं. वतनाची सनद माझ्या नावावर, इहीर माझ्या नावावर, तुझ्या लग्नाची पत्रिका माझ्या नावानं निघाली, मंग नळी काय आभाळातून पडली? रचना मीच काढली असं लिहून सही ठोकून आलो. घरच्या कापसावर डॉक्टर झालास, आता तोंड वाकडं करू नको. घसे तू पाह्य, सनद मी सांभाळतो.

एक सांगायचं राह्यलं. महिना झाला, भाकरी छातीत अडकून राह्यली. कुस्करून खातो. येऊन आपल्याच नळीत पाहून घ्यावं म्हणतो. भावजयीला आशीर्वाद. थोरल्याचा मान ठेवशील तसा माझाही जीव तुझ्यावर राहील.

काकासाहेब


जालना, ता. ७ फेब्रुवारी

ती. दादांस सा. न. वि. वि.

एवढा संताप मला जन्मात आला न्हाई. वकिलांना तार केली. त्यांचं म्हणणं, तुम्ही अर्ज मागं घ्यावा आणि रचना गिरिधरची आहे असं सही करून द्यावं, तरच माझा दाखल होईल.

घास अडकतो हे लक्षण वाईट आहे. जल्दी पाहायला हवं. पण तुमच्या लिहिण्याप्रमाणं नळी तुमची, परक्याच्या वस्तूला मी हात कसा लावू? कागद घेऊन या, त्याच दिवशी पाहतो. त्याआधी बिलकुल न्हाई.

राग लिहिला म्हणून माया कमी समजू नये.

गिरिधर


आष्टी, ता. २० जून

चि. भावजींस दुर्गाबाईचे आशीर्वाद. वि. वि.

धाकट्यापुढं वाकणार न्हाई म्हणून यांनी चार महिने हट्ट धरला. पेजसुद्धा उतरंना, तवा कागद केला. मागल्या सोमवारी जालन्याला आल्तो, तवा तुम्ही आधी कागद वाचला, घडी करून खिशात घातला, मंग यांना मेजावर निजवलं. नळी आत गेली तसा यांनी माझा हात आवळून धरला. तुम्ही पाहिलं, अन् दूध-पाणी देत जा एवढंच सांगितलं.

आता हे रोज मला इचारतात की गिरिधरनं आत काय पाहिलं. मला तुमचा राग हाय, पण दुसऱ्या कोणाला इचारू? खरं काय ते लिहा. लेकरावानी वाढवलंय तुम्हाला, तेवढं ध्यानात ठेवा.

दुर्गाबाई


जालना, ता. २६ जून

सौ. वहिनींस गिरिधरचा सा. न. वि. वि.

गाठ आहे. वाट जवळजवळ बुजली. पोळ्यापर्यंत काढले तर पुष्कळ. फेब्रुवारीत पाहिलं असतं तर काय झालं असतं हे विचारू नका, मी सांगणार न्हाई.

अर्ज माझ्या नावानं दाखल झाला. नळी चालते याचा दाखला वकिलांनी मागितला, म्हणून पहिल्या रोग्याची हकीकत जोडली आहे: काकासाहेब, राहणार आष्टी, वय बावन्न, अन्ननलिकेतली गाठ स्वच्छ दिसली. दादांना पेटंटात नाव हवं होतं, ते आता छापून येईल. एवढं त्यांना वाचून दाखवा, बरं वाटेल.

लोभ होता तसाच राहू द्यावा.

आपला
गिरिधर