रबरी मुंडक्याची विल्हेवाट

मी, नूरबी महंमद हनीफ आतार, वय एकसष्ट, धंदा शिलाई, राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. बी.पी.ची गोळी चालू आहे, पण तिचा अकलेशी संबंध नाही.

१. राहतं घर आणि पतपेढीतली ठेव माझ्या दोन मुलांना, फुरकान आणि शाहनवाजला, शरियतप्रमाणे जाईल. त्यात मला बोलायला जागा नाही, नाहीतर बोलले असते. माझ्या मर्जीचा फक्त एक तृतीयांश. पुढचं सगळं त्यातलं.

२. शिलाई मशीन कात्र्यांसह शेजारच्या आरतीला. सुनांनी त्यावर टीव्ही ठेवला होता.

३. रबरी मुंडकं. येडगाव धरणाच्या काठावर परदेशी कंपनीने भयपट काढला. यजमान तिथे वेल्डिंगला गेले आणि चेहरा बघून त्यांना मरायचं काम मिळालं. चेहऱ्याचा साचा घेऊन मुंडकं केलं. दाढी कंपनीला जमेना, ती मी सुईने एकेक केस ओवून बसवली. पोटातून बाहेर पडणारी आतडीही मीच शिवली, अस्तराच्या कापडाची. शूटिंग संपल्यावर साहेबांनी मुंडकं यजमानांना देऊन टाकलं. त्यांचा धड फोटो आमच्याकडे नाही. आधार कार्डावरचा तर कुणाचाही वाटतो.

४. मुलांचा असल्या चित्रपटांवर जीव. जपानी पिक्चरमध्ये माणूस कसा चिरतात, इटलीच्या पिक्चरमध्ये डोळे कसे काढतात, फुरकानला तोंडपाठ. जेवताना बघायचा. बापाचं मुंडकं उडतं तेवढा तुकडा कापून त्याने मोबाईलवर गावभर पाठवला. आता मुंबईचा कुणी शौकीन मुंडकं विकत मागतोय आणि शाहनवाज हो म्हणून बसलाय.

५. ते विकायचं नाही. कारण लिहिते. पारगावच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटून यजमान गेले. मयत घरी आली तेव्हा मी तोंड बघायला मागितलं. फुरकान म्हणाला, "अम्मी, नको. बघण्यासारखं राहिलं नाही." मी ऐकलं. कफन बांधलेलंच गेलं.

चाळिसाव्यानंतर गेणूभाऊ आले. अपघातात त्यांनीच यजमानांना उचललं होतं. म्हणाले, "वैनी, तोंडाला खरचटलंबी न्हवतं. समदा मार छातीला. झोपल्यावानी दिसत व्हता हनीफभाऊ."

मी फुरकानला धारेवर धरलं. त्याने चादर उचललीच नव्हती. शाहनवाजनेही नाही. गुसल, म्हणजे मयतीची आंघोळ, देताना दोघे बाहेर उभे. नंतर तोंड झाकूनच ठेवा, असं दोघांनी सांगितलं; गुसल देणाऱ्यांना वाटलं, घरच्यांची मर्जी. जगभरचे कापलेले गळे चवीने बघणाऱ्यांना बापाचं तोंड बघायची भीती वाटली, आणि त्यांच्या भीतीपायी मलाही ते दिसलं नाही. हे मी माफ केलेलं नाही.

६. मुंडकं माझ्या कबरीत चालत नाही, असं मौलवी म्हणाले. म्हणून गेणूभाऊंनी ते परसात पुरावं. हनुवटीखालचं रक्ताचं लाल रबर मी कापून टाकलं आहे. आता ते नुसतं तोंड आहे.

७. माझी मयत उठण्याआधी दोन्ही मुलांनी माझ्या तोंडावरचं कापड स्वतःच्या हाताने काढून बघावं. जमलं नाही, तर मातीला येऊ नये.

वाचून, समजून, खालील दोघांदेखत सही केली.

सही: नूरबी महंमद हनीफ आतार

साक्षीदार:
गेणू सावळेराम पवळे
हौशीराम चांगदेव काळे

जुन्नर, १४ नोव्हेंबर २०२५