होडीचं बूच आणि माझा भाऊ

मी, वीग्लुंद हाल्वर्दसोन, वय चौऱ्याहत्तर, राहणार लॉनविक, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही भरीला न घालता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर वाकडं येतंय, त्याला इलाज नाही. दुपारच्या विमानाने मी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रेक्याविकला निघालो आहे. धाकटा भाऊ स्टेनार पलीकडे स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला आहे. इथे काय लिहिलंय, त्याला ठाऊक नाही.

१. परसात हिवाळाभर हिमचिमण्यांना दाणे आणि मेंढीची चरबी घालावी. कोल्ह्याने बदकांची अंडी पळवली, तरी त्याच्यावर गोळी झाडू नये.

२. गळ आणि जाळी गावच्या शाळेला. नाताळच्या तोंडावर स्काटा मासा आंबवायचं पिंप कुणालाही द्यावं, शेजारीण आर्नफ्रिदुर सोडून. बत्तीस वर्षं तिने त्या वासाच्या नावाने शंख केला आणि दर वर्षी दोन ताटं चापली.

३. मला बायको-मुलं नाहीत. घर आणि परस स्टेनारला. हे बक्षीस नव्हे, का ते लिहितो.

१९८५ साली आमची होडी परसात होती. हिवाळ्यात होडीच्या तळाचं बूच काढायचं, पाण्यात लोटण्याआधी ठोकायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या इथल्या पंचांगातल्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, एप्रिलातच, स्टेनारने ते ठोकलं. वर म्हणाला, "दादा, बूच बसवलंय हां. मागाहून माझ्या नावाने ओरडायचं नाही."

मग होडीत कस्तुराने घरटं केलं. पिल्लं निघाली आणि पाऊस लागला. होडीत पाणी चढू लागलं, म्हणून मी बूच उपटून खिशात टाकलं. पिल्लं उडून गेली. मी साफ विसरलो.

जूनचा पहिला रविवार म्हणजे खलाशांचा सण. त्या दिवशी कुणी मासे धरत नाही. बाबांना नुसती फेरी मारायची होती, स्टेनार त्यांना घेऊन गेला. बूच फळ्यांखाली, कोण बघतो? खाडीच्या मध्यावर होडी पाण्याने भरली. स्टेनार पोहत आला. बाबा आले नाहीत.

गावाने स्टेनारचं नाव 'बिनबुच्या' पाडलं. आईने मरेपर्यंत त्याच्याशी अबोला धरला. तो रडत मला म्हणाला, "मी ठोकलं होतं रे दादा, तू तरी सांग ना त्यांना!" मी म्हणालो, "राहतं एखाद्याचं चुकून." तेव्हा बूच माझ्या खिशात होतं. एकतीस वर्षं मी गप्प बसलो, निव्वळ भित्रेपणाने. माझी मलाच शिसारी येते.

४. हे माझ्या मरणानंतर उघडायचं नाही. सह्यांआधी, मी समोर असताना, स्टेनारने वाचायचं. त्याला मला मारावंसं वाटलं तर कुणी मध्ये पडू नये.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून स्टेनारची सही घेऊ नये. आर्नफ्रिदुर आणि डॉक्टर ओद्गेइर यांची घ्यावी.

स्थळ: लॉनविक. हिवाळ्याचा शेवटचा दिवस, २० एप्रिल २०१६.

सही: वीग्लुंद हाल्वर्दसोन

साक्षीदार १: आर्नफ्रिदुर ब्यार्तमार्सदोत्तिर

साक्षीदार २: (डॉक्टरांचं नाव खोडून) स्टेनार हाल्वर्दसोन. वाचलं, दादा. घर नको मला. विमानतळावर मीच सोडतो तुला. गाडीत एक शब्द बोलू नकोस.