परवान्यावरील मयत तंत्रज्ञाच्या जागी जिवंत तंत्रज्ञाची नोंद करण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
घरगुती व्यवसाय परवाना विभाग,
नगरपालिका कार्यालय, पहिला मजला.

विषय : घरगुती संगणक दुरुस्ती व्यवसायाचा परवाना रद्द न करता त्यावर तंत्रज्ञ म्हणून माझे नाव लावणेबाबत.

संदर्भ : १) परवाना क्र. २१७.
२) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ३ जुलै.
३) खिडकी क्र. ४ वर मला मिळालेली तोंडी उत्तरे (यांना जावक क्रमांक नसतो).

महोदय,

१. उपरोक्त परवान्यात मी 'मदतनीस (पत्नी)' या रकान्यात आहे. तंत्रज्ञ म्हणून माझ्या पतींचे नाव आहे. ते १९ मार्च रोजी वारले. तंत्रज्ञच हयात नसल्याने परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा आपण पंधरा दिवसांत मागितला आहे. खुलासा एवढाच, की माझ्या पतींनी आयुष्यात एकही संगणक उघडला नाही. ते शाळेची बस चालवत. सगळे संगणक मी दुरुस्त केले. एवढ्यावर कार्यालयाचा विश्वास बसत नाही असे खिडकी क्र. ४ वर समजल्याने सविस्तर लिहीत आहे.

२. मी आठ वर्षे एका संगणक विक्रीच्या दुकानात, मागच्या खोलीत, दुरुस्तीचे काम केले. तिथे मी गिऱ्हाइकाला दिसत नसे, त्यामुळे कुणाची हरकतही नव्हती. दुकान बंद पडले आणि त्याच वर्षी पतींच्या मणक्याला दुखापत होऊन ते अंथरुणाला खिळले. मी जेवणाचे टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ओढले, त्यावर रबरी चटई अंथरली आणि दारावर 'संगणक दुरुस्ती' अशी पाटी लावली. आसपासच्या तीन गल्ल्यांत घरोघर चिठ्ठ्या टाकल्या. लोक आले, नाही असे नाही. मी दार उघडले की ते माझ्या खांद्यावरून आत बघत आणि विचारत, "दुरुस्ती करणारे कुठे आहेत?" मी म्हणे, "मीच करते." मग कुणाला चार्जर घरी राहिल्याचे आठवे, कुणाला घरी विचारून यावेसे वाटे. एका गृहस्थांनी तर संगणक या काखेतून त्या काखेत घेतला आणि म्हणाले, "तशी घाई नाही हो, चालतोय अजून." त्याचा पडदा पूर्ण काळा होता. दोन महिन्यांत परत कुणी आले नाही.

३. पुढील मजकूर कबुलीजबाब समजावा. एके दिवशी निवृत्त मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, "साहेब नाहीत का?" मी वैतागून म्हणाले, "आत आहेत." नेमके त्याच क्षणी पती आतून खोकले. मुख्याध्यापकांनी संगणक निमूट टेबलावर ठेवला. तीन दिवसांनी न्यायला आले तेव्हा त्यांनी आतल्या बंद दाराकडे बघून आभार मानले. महोदय, ही चूक माझी. स्वतःच्या पायावर धोंडा मी स्वतःच मारून घेतला, आणि त्यानंतर महिनाभरात टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही.

४. पतींना हे पटले नव्हते. "काम तुझं आणि नाव माझं, मला लाज वाटते," असे ते म्हणाले. पण दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला बाहेरून कुणी साहेब म्हणू लागले की काय होते, ते मी पाहिले आहे. ते रोज दाढी करू लागले. वेळ साधून खोकू लागले. पुढे पुढे तर "मदरबोर्ड बघावा लागेल!" असे आपणहून ओरडत, मग गिऱ्हाईक नुसता माउस घेऊन का आलेले असेना. आम्ही दोघे उशीत तोंड खुपसून हसायचो. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, "आता तरी सांगून टाक सगळ्यांना." मी हो म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली, आणि दारात जाऊन मी सांगितले, "साहेब आराम करतायत." त्याचा मला अजून राग येतो. (हा परिच्छेद नियमात बसत नसल्यास वगळावा.)

५. आपले निरीक्षक परवान्यासाठी तपासणीस आले, त्या वेळी टेबलावर संगणक उघडा होता, माझ्या हातात ब्रश होता आणि कोपरापर्यंत धूळ होती. त्यांनी माझ्याकडे प्यायला पाणी मागितले आणि ते आत गेले. आत पतींनी घाईघाईने स्क्रूड्रायव्हर उचलला होता, तोही टोकाकडून, ताप बघायला थर्मामीटर धरावा तसा. निरीक्षकांनी तो पाहिला, मान डोलावली आणि तंत्रज्ञाच्या रकान्यात त्यांचे नाव लिहिले. मी खोटे वागले हे मान्य. पण डोळे तर तुमच्या माणसालाही होते.

६. पती गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी निम्मे लोक म्हणाले, "आता आमच्या कॉम्प्युटरचं कसं होणार?" मी म्हणाले, "मी आहे ना." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ते निघून गेले. एप्रिलमध्ये लांबच्या वस्तीतले एक कापडदुकानदार आले. त्यांना काही माहीत नव्हते. "साहेब आहेत ना?" असे त्यांनी विचारले. घरात मी एकटी होते. मी आत गेले, दार लोटले, रिकाम्या खाटेशेजारी उभी राहिले आणि खोकले. जाड आवाजात, दोनदा. बाहेर आले तर संगणक टेबलावर होता. आपली नोटीस ज्या तक्रारीवरून निघाली ती यांचीच. मयत माणसाच्या नावावर फसवले, असे त्यात आहे आणि ते बरोबर आहे. संगणक चालत नाही, असे त्यात कुठेही नाही.

७. खिडकी क्र. ४ वर मला तीन गिऱ्हाइकांचे दाखले आणायला सांगितले. ते आणले आहेत. वकीलसाहेबांनी माझ्या पतींना 'अत्यंत कुशल व मितभाषी तंत्रज्ञ' म्हटले आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या हाताला यश होते असे लिहिले आहे. बालवाडीच्या बाईंना मी सगळे खरे सांगितले, कारण बाईमाणूस आहे, समजून घेईल असे वाटले. त्यांनी मला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "दुःखात माणूस काहीही बोलतं गं." मग त्यांनीही पतींचाच दाखला दिला. माझ्याकडे दुसरा पुरावा नसल्याने तिन्ही जोडत आहे. त्यांत जिथे जिथे 'साहेब' आहे तिथे कृपया 'ही' वाचावे.

खिडकीवरील लिपिकांनी एक सोपा मार्गही सुचवला. "दिराचं नाव टाका, आठवड्यात काम होईल." माझे मोठे दीर कपड्यांना इस्त्री करतात, चांगली करतात. स्वतःच्या फोनचा आवाज बंद करायला ते माझ्याकडे येतात. महोदय, एकदा मी हे केले आहे. दुसऱ्यांदा करणार नाही, मग पाटी उतरवावी लागली तरी चालेल. पाटी उतरली तर मी काय करणार, हे मला ठाऊक नाही, हेही लिहून ठेवते.

८. आता आपल्या कार्यालयाविषयी. आवक-जावक विभागाचा संगणक आपल्या शिपायांनी १२ मार्च रोजी 'साहेबांकडे' म्हणून माझ्या घरी आणून दिला होता. पती गेल्यावर सहाव्या दिवशी मी तो उघडला, कारण हाताला काम नसते तर मला वेड लागले असते. वीजपुरवठ्याच्या भागात झुरळ जळून मेले होते. तो भाग बदलला, पंखा साफ केला. एकही फाइल उघडून पाहिलेली नाही. संगणक तयार असल्याचे मी चार वेळा येऊन सांगितले. त्यावर मला लेखी उत्तर आले : 'दुरुस्ती करणारे मयत झाल्याने सदर संगणक दुरुस्त होणे शक्य नाही, सबब तो निर्लेखित करण्यात आला आहे.' म्हणजे तो आता दप्तरातून बाद. परत घेता येत नाही, कारण तो आपल्याकडे नाहीच.

९. तरी विनंती, की कोणताही बंद संगणक आपल्या टेबलावर ठेवावा आणि मला एक खुर्ची द्यावी. आत कुणी खोकणार नाही. तो चालू झाला तर 'मदतनीस' हा शब्द खोडून माझे नाव योग्य रकान्यात लिहावे. नाही झाला तर परवाना तिथेच फाडावा, माझी तक्रार नसेल.

आपली, आजवर नम्र,

(सही)
परवाना क्र. २१७ मधील मदतनीस
दि. १६ जुलै

सोबत :
१) पतींचा मृत्यूचा दाखला.
२) कुशल व मितभाषी तंत्रज्ञाचे तीन दाखले.
३) दुकानातील आठ वर्षांच्या नोकरीचे पत्र. (त्यात माझे पद 'इतर' असे आहे.)
४) संगणक निर्लेखित केल्याच्या आपल्या पत्राची प्रत.
५) सदर संगणक. जड असल्याने जोडता आला नाही. हा अर्ज त्याच्यावरच टाइप केला आहे.